अण्णांचे वीस दणके

अण्णा खरवंडीकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या कपाळाला गंध होतं आणि हातात बंदूक.

मी परदेशात, पामर्स्टन नॉर्थला नवीनच आले होते. हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी लागली होती, नवरा अजून पुण्यातच होता, आणि शेजारचं घर मराठी माणसाचं आहे हे कळल्यावर मी इतकी हुरळले की त्याच संध्याकाळी रव्याचे लाडू घेऊन निघाले. बेल वाजवली, कुणी आलं नाही. गराजचं दार अर्धं उघडं होतं, म्हणून वाकून आत डोकावले. साठीचे एक गृहस्थ, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, नाकाच्या टोकावर चष्मा, रायफल आडवी धरून तिच्या पोटात टॉर्च मारून बघत होते. माझ्या हातातला डबा पडला आणि लाडू सिमेंटवर घरंगळत गेले.

"घाबरू नका, रिकामी आहे," ते म्हणाले. रायफल बाकावर ठेवून त्यांनी एक लाडू उचलला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. "वेलदोडा कमी पडलाय."

ही आमची ओळख. पुढच्या आठवड्याभरात मी त्यांची 'नीलू' झाले, आणि ते माझे अण्णा. पण त्या संध्याकाळी घरी जाऊन मी नवऱ्याला फोन केला तो जवळजवळ रडतच. "अरे, शेजारी खरवंडीकर म्हणून आहेत आणि त्यांच्याकडे बंदुका आहेत. एक नाही, चार!" नवरा म्हणाला, "आडनाव नीट वाचलंस ना?"

अण्णा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्यभर होते. डाय, जिग, गेज असल्या वस्तू करायच्या आणि मायक्रॉनच्या गोष्टी बोलायच्या. मुलगा ऑकलंडला फ्लॅट बुशमध्ये घर घेऊन राहिला, त्याने आईवडिलांना बोलावून घेतलं. पण मुलाच्या घरात रिकामं बसणं अण्णांना जमेना. त्यांनी पामर्स्टन नॉर्थला दूध काढायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये नोकरी शोधली आणि सुमनवहिनींना घेऊन इकडे निघून आले. माणूस पक्का शाकाहारी. घरात कोळी निघाला तर त्याला पेल्याखाली धरून, पोस्टकार्ड सरकवून, कुंपणापर्यंत सोडून यायचे. अशा माणसाकडे आमच्या मनावटू भागातले निम्मे शिकारी आपल्या रायफली घेऊन येत, हे कुणाला सांगितलं तर थट्टाच वाटेल.

याची सुरुवात विरेमूपासून झाली. विरेमू हा माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांपैकी, शेतकरी. दोनशे गाई, प्रचंड देह, आवाज मात्र मऊ. त्याचं यंत्र दुरुस्त करायला अण्णा गेले असताना त्याने कौतुकाने नवी रायफल दाखवली. अण्णांनी ती रिकामी असल्याची खात्री करून घेतली, चाप ओढला, आणि त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं.

"ही नवी आहे?" त्यांनी विचारलं.

"मागच्याच महिन्यात घेतली."

"आणि असा चाप लावून विकतात?"

हा धक्का अण्णांना शेवटपर्यंत पचला नाही. नळी उत्तम, लाकूड उत्तम, दुर्बीण लावायची खाच उत्तम, आणि ज्याच्यावर माणसाचं बोट टेकायचं तो चाप मात्र जड, खरखरीत आणि लांबट. ओढतोय, ओढतोय, अजून सुटत नाही, मध्येच अडतोय, आणि शेवटी सुटतो तेव्हा नेम हललेला. "हा चाप इंजिनियरने बसवलेला नाही, वकिलाने बसवलाय," असं ते म्हणत. कुणी कोर्टात खेचू नये म्हणून कारखान्याने तो जड ठेवला, एवढं त्यांना कळत होतं. पण जड असण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. "जड असू दे की! पण स्वच्छ सुटू दे. खरखर कशाला? ती वकिलाने सांगितली का?"

मग रीतसर परीक्षा दिली, परवाने काढले, पोलीस येऊन गराजमधली पोलादी तिजोरी हलवून हलवून बघून गेले, आणि अण्णांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. कारखान्याचा चाप स्क्रूवर जुळवता येण्यासारखा असेल तर ते जुळवून देत. नसेल तर दुसऱ्या कंपनीचा तयार चाप मागवून बसवत. पण कारखान्याचा चाप घासून हलका करून द्या म्हणणाऱ्याला ते गेटबाहेर काढत. एकदा मी भीत भीत विचारलं, "अण्णा, तुम्ही मुंगी मारत नाही आणि हे काम करता?" ते म्हणाले, "इथली हरणं बाहेरून आणलेली, जंगल खाऊन टाकतात, ती हे लोक मारणारच. मी नाही म्हटलं म्हणून थांबणार आहेत का? चाप अडला की नेम हलतो आणि गोळी पोटात बसते. मग ते जनावर दोन दिवस झुडपात पडून मरतं. ते दोन दिवस मी वाचवतो." मला हे पटलं की नाही ते अजून सांगता येत नाही.

त्यांच्याकडे एक स्प्रिंगचा काटा होता, बोटभर लांब, टोकाला आकडा. त्याने ते चाप किती वजनाला सुटतो ते मोजत. पण माणूस चापावर थांबेल तर ना! गेटची कडी, गाडीचा हँडब्रेक, कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानातल्या, फ्रिजचं दार, सगळ्यांना काटा लावून झालेला. डेअरीवाला गुजराती, तो म्हणायचा, "अंकल आले, आता माझ्या फ्रिजचं वजन करणार." एकदा माझ्या फार्मसीत औषध न्यायला आले आणि काउंटरवरचा खण ओढून म्हणाले, "सव्वादोन किलो. दिवसातून दोनशे वेळा ओढतेस. खांदा दुखतो ना?" खांदा खरंच दुखत होता. "बोटाला विचारू नये, काट्याला विचारावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बोट खोटं बोलतं, कारण बोटाला घाई असते, असं त्यांचं म्हणणं.

डोंगरात न्यायच्या रायफलीला दीड किलोच्या खाली चाप ते करून देत नसत. एकदा टौरंगाहून एकजण आला. पस्तिशीचा, बंदरावर क्रेन चालवणारा, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, तोंडात सारखं 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे झकास. त्याला अर्ध्या किलोवर सुटणारा चाप हवा होता, इंटरनेटवर कुणीतरी सांगितलं म्हणून. अण्णांनी वाद घातला नाही. वहिनींकडून बादली मागवली, त्यात फ्रीझरमधला सगळा बर्फ ओतला, आणि त्या धिप्पाड माणसाला म्हणाले, "हात घाल. दोन मिनिटं." मग त्याच्या बधिर हातात एक रिकामी, तसाच हलका चाप बसवलेली रायफल दिली. "चापावर बोट टेकव. ओढू नको. फक्त टेकव." बोट टेकायच्या आतच आत खट्‌ वाजलं. तो माणूस पांढरा पडला. "जूनच्या थंडीत डोंगरावर तुझे हात असेच असणार," अण्णा म्हणाले, "आणि पुढे तुझा मित्र चालत असणार." तो दीड किलोवर राजी होऊन गेला, आणि जाताना 'स्वीट अ‍ॅज' म्हणाला नाही.

पण अण्णांची खरी ओळख म्हणजे वीस दणके. चाप बसवून झाला, जुळवून झाला, काटा लावून झाला, तरी रायफल मालकाच्या हाती जायची नाही. मालकाने स्वतः येऊन समोर उभं राहायचं. नळी रिकामी असल्याचं दोघांनी बघायचं. मग अण्णा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागे खेचून जोरात पुढे आपटून बंद करत, वीस वेळा. त्यातल्या एकाही वेळी चाप आपोआप सुटला तर सगळं उलगडून पहिल्यापासून. मग रबरी हातोडीने ठोकायचं, सेफ्टी मागे-पुढे करायची. दणके मालकाने मोठ्याने मोजायचे, आणि ते मराठीत. अण्णांचं कारण साधं होतं. इंग्रजीत मोजताना माणूस दुसराच विचार करत असतो, नव्या भाषेत मोजताना लक्ष द्यावंच लागतं. विरेमूला वीसपर्यंत आकडे पाठ झाले होते. 'अठरा, एकोणीस' म्हणताना त्याची जीभ वळायची नाही, पण सोडायचा नाही. अण्णाही त्याच्याकडून 'ताही, रुआ, तोरु' शिकले होते. तो खूश होऊन हरणाची एक अख्खी तंगडी घेऊन आला तेव्हा वहिनी दारातच खिळल्या. पण घरी आलेलं परत पाठवायचं नाही म्हणून त्यांनी ती हातात घेतली, बदल्यात नारळाच्या वड्यांचा डबा दिला, आणि तो दिसेनासा होताच तंगडी माझ्या गेटवर आणून ठेवून आंघोळीला गेल्या.

माझ्या कामाशी हे दणके किती जुळतात, हे मी अण्णांना एकदा कौतुकाने सांगितलं होतं. आमच्याकडेही एकाने काढलेलं औषध दुसऱ्याने तपासल्याशिवाय खिडकीतून जात नाही. चूक झालीच तर ज्याची झाली त्याने स्वतः नोंदवायची, नाव लिहून. अण्णा म्हणाले, "हे बरं आहे. भोसरीत आम्ही चूक दुसऱ्या पाळीवर ढकलायचो." आणि मनापासून हसले. हे मी आता लिहितेय तेव्हा मला माझीच लाज वाटतेय, पण लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते.

इकडे नवरात्र वसंतात येतं. झेंडू नसतो, पण कोव्हाईची झाडं पिवळीधमक झालेली असतात. खंडेनवमीला अण्णा गराज धुऊन काढत. लेथ, कानशी, मायक्रोमीटर, तो स्प्रिंगचा काटा, सगळं चादरीवर मांडून पूजा. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. भोसरीत मशिनं बंद असायची तसं इथेही. त्या वर्षी गराजमध्ये तीन रायफली होत्या. तिन्ही रिकाम्या, बोल्ट काढून वेगळे ठेवलेले. त्यांतली एक विरेमूची. तिचा तो वकिलाने बसवलेला चाप अण्णांनी कितीदा जुळवला होता, पण ओल्या हवेत तो पुन्हा पुन्हा बिघडायचा. शेवटी विरेमूने नवा चाप विकत घेतला आणि अण्णांनी तो आदल्या दिवशी बसवला. दणकेही मारून झाले होते, स्वतःचे स्वतः. मालकासमोरचे राहिले होते.

वहिनींचा गुडघा दुखत होता. "नीलू, तू कर गं या वर्षी पूजा," म्हणून त्यांनी तबक माझ्या हातात दिलं. मला काय, आनंदच. पुण्याहून आल्यापासून असं घरचं काही वाट्याला आलं नव्हतं. मी एकेका हत्याराला ओलं कुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. विरेमूच्या रायफलीपाशी आल्यावर मी चांगली मूठभर अक्षत घेतली आणि वरून सोडली. म्हटलं, यात जीव घ्यायची ताकद आहे, हिला जास्त.

"अगं, हळू!" अण्णा म्हणाले. "चिमूटभर. पोह्यांवर खोबरं पेरतेस का?"

आम्ही तिघेही हसलो. अण्णांनी वाकून दिसतील तेवढे दाणे वेचले आणि फुंकर मारली.

दुपारी विरेमूचा यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, फाटकाशी थांबला. बरोबर त्याची मुलगी होती, आरोहा. ती माझ्याच हॉस्पिटलात नर्स, तिशीची, बापासारखीच उंच. तिला दोनच दिवस सुट्टी होती. पहाटे रुआहिनेच्या डोंगरात जायचं होतं, कोवळं गवत खायला हरणं उघड्यावर येतात म्हणून. अण्णा म्हणाले, "उद्या दुपारी ये. आज मी हात लावत नाही."

"उद्या दुपारी मी ड्यूटीवर परत निघणार, अंकल," आरोहा म्हणाली.

अण्णा हात मागे बांधून उभे राहिले. ते काही ठरवेनात तेव्हा मी मध्ये तोंड घातलं. "अण्णा, काल झालेत ना वीस दणके? मग द्या की. पोरीची सुट्टी वाया जाईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, आणि शेवटी रायफल उचलून दिली. बोल्ट फडक्यात गुंडाळलेला होता तसाच दिला. विरेमूने सवयीने फडकं सोडलं, बोल्ट बसवायला घेतला आणि हसत म्हणाला, "एक…"

अण्णांनी त्याचा हात धरला. "आज नाही. आज यांना विश्रांती असते."

विरेमूचं हसू गेलं. त्याने रायफलीवरचं कुंकू पाहिलं, फुलं पाहिली. "तापू?" त्याने विचारलं. त्यांच्यातही पवित्र वस्तूला हात लावायचे नियम असतात. अण्णांनी मान हलवली. विरेमूने बोल्ट पुन्हा फडक्यात गुंडाळला, रायफल दोन्ही हातांनी उचलून गाडीत ठेवली आणि दोघं गेली. किती समजूतदार माणूस, असं मी वहिनींना म्हटल्याचं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. माझ्यासाठी वहिनींनी श्रीखंड केलं होतं. आम्ही पानावर बसलो होतो तेव्हा अण्णांचा फोन वाजला. त्यांचे हात भरलेले, म्हणून मीच स्पीकर लावला.

विरेमू बोलत होता, पण सुरुवातीला शब्दच येत नव्हते, नुसता श्वास. मग इंग्रजीत जे बोलला ते असं: "अण्णा, ती आपोआप सुटली. मी गोळी भरून बोल्ट बंद केला, चापाला बोटही लावलं नव्हतं. तोंड उताराकडे होतं. आरोहा त्याच वेळी एक पाऊल खाली उतरली."

वहिनींच्या हातातलं वाढायचं भांडं पडलं. अण्णा उठून उभे राहिले. मीच ओरडले, "आरोहा कशी आहे?"

"उभी आहे. माझ्या शेजारी उभी आहे. गोळी तिच्या पाठीवरच्या बॅगेतून गेली." मग तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस फोनवर हमसून हमसून रडत होता आणि आम्ही तिघं उष्ट्या हातांनी ऐकत होतो. अण्णांच्या पानातल्या पुऱ्या तशाच राहिल्या.

दोन तासांनी विरेमू रायफल घेऊन आला, एकटाच. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. "हा नवा चाप खराब निघाला," तो म्हणाला. "कंपनीला परत पाठवतो. तुझा दोष नाही, ब्रो." आणि गराजमधल्या स्टुलावर बसला. अण्णांनी उत्तरपूजा केली नव्हती, तरी त्यांनी हत्यारांना हात घातला. बोल्ट काढला, लाकूड सोडवलं, चापाचं पोट उघडलं आणि भिंगाखाली धरलं. मी त्यांच्या शेजारी टॉर्च धरून उभी होते.

चाप ओढेपर्यंत स्प्रिंग रोखून धरणाऱ्या आतल्या अडणीखाली तांदळाचा अर्धा दाणा होता. लाल.

मला तो भिंगाशिवायही दिसला. कुंकू ओलं असताना तो बोल्टच्या उघड्या जागेतून आत गेला होता, वाळून चिकटला होता, आणि त्या दाण्यामुळे अडणी पुरती बसतच नव्हती. पहिल्याच दणक्याला ती सुटली असती. एक दणका मारला असता तरी कळलं असतं.

विरेमूला मराठी समजत नाही हे माहीत असल्याने मी खालच्या आवाजात म्हणाले, "अण्णा, टाकून द्या तो. तो स्वतःच म्हणतोय ना, कंपनीचा चाप खराब आहे म्हणून. आरोहा बरी आहे. टाकून द्या."

अण्णांनी चिमट्यात दाणा धरला होता. ते वळून माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मी मान खाली घातली.

मग त्यांनी दाणा पांढऱ्या कागदावर ठेवला आणि तो कागद विरेमूपुढे धरला. "नॉट कंपनी," ते म्हणाले. त्यांचं इंग्रजी एरवी बरं होतं, त्या दिवशी तुटत होतं. "राइस. फ्रॉम अवर प्रेयर. आय डिड नॉट टेस्ट आफ्टर. माय मिस्टेक."

विरेमूने कागदाकडे पाहिलं. "तू माझ्या रायफलीत तांदूळ टाकलास?"

"येस," अण्णा म्हणाले.

मी टॉर्च धरून तिथेच उभी होते. माझ्यापासून विरेमू चार पावलांवर होता. 'मी टाकला' एवढे दोन शब्द, इंग्रजीतही दोनच लागले असते. ते मला उच्चारता आले नाहीत.

विरेमू उठून बाहेर गेला, लेटरबॉक्सला हात टेकून उभा राहिला, मग गाडी घेऊन निघून गेला. रायफल बाकावरच राहिली. अण्णांनी त्याच दिवशी पोलिसांना स्वतः फोन केला. ते आले, लिहून घेऊन गेले, कुणावर खटला वगैरे झाला नाही. एक अधिकारी तर म्हणाला, असं कुणी सांगत नाही सहसा. उरलेल्या दोन रायफली अण्णांनी उलगडून पाहिल्या, त्यांत काही नव्हतं. मालकांना खरं काय ते सांगून त्या परत केल्या. मग कुणी मागितले नसताना स्वतःचे परवाने जमा केले.

आठ-दहा दिवसांनी आरोहा आली. मी तेव्हा वहिनींकडे होते. अण्णा तिला पाहून हात जोडून उभे राहिले. "किया ओरा, अंकल. आय अ‍ॅम ऑल गुड," ती म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडली. येताना तिने ती बॅग आणली होती. डावीकडून आत गेलेलं एक भोक आणि उजवीकडे बाहेर पडल्याचं दुसरं. अण्णांनी ती टेबलावर ठेवली, बोट भोकात घातलं, आणि म्हणाले, "घालून दाखव."

"मुकुंदा, नको," वहिनी म्हणाल्या. त्या नवऱ्याला नावाने हाक मारताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण आरोहाने बॅग पाठीला लावली. डोंगरावर होती तशी, किंचित वाकून, एक पाय पुढे ठेवून उभी राहिली. अण्णांनी सळई आणली, दोन्ही भोकांतून आरपार घातली. मग टेप लावून सळईपासून तिच्या कण्यापर्यंत मोजलं. दोनदा मोजलं.

"नऊ सेंटिमीटर," ते म्हणाले, आणि खाली बसले. खुर्ची तिथे नव्हती, जमिनीवरच बसले. आरोहा त्यांच्या शेजारी बसली आणि नर्सच्या सवयीने त्यांची नाडी धरली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तेव्हाही मला बोलता आलं असतं. तेव्हा तर कुणी रागावलंही नसतं. मी चहा टाकायला आत गेले.

त्यानंतर अण्णा वर्कशॉपात जात, घरी येत. लेथ कुणीतरी घेऊन गेलं. गराजमध्ये वहिनींनी लोणच्याच्या बरण्या मांडल्या. शिकाऱ्यांचे फोन यायचे, अण्णा नम्रपणे नाही म्हणायचे. कारण विचारलं तर सांगायचे. प्रत्येकाला सांगायचे, अगदी टौरंगाच्या त्या क्रेनवाल्यालासुद्धा: "पूजेचा तांदूळ गेला होता आत, मी तपासलं नाही." ते ऐकलं की मी कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "अण्णा, सगळ्यांना कशाला सांगता?" ते पुढच्या माणसालाही तेच सांगत.

मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि फ्लॅट बुशला मुलाकडे जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी विरेमू आला. त्या दसऱ्यानंतर पहिल्यांदाच. यूटमधून कुमराची, म्हणजे इथल्या रताळ्यांची, पिशवी काढून त्याने वहिनींच्या पायाशी ठेवली. मग अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून, वाकून, माओरी रीतीप्रमाणे कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावून उभा राहिला. दोघांनी डोळे मिटले होते. मग त्याने वहिनींना, मला, सगळ्यांना तसंच भेटून निरोप घेतला. माझ्या कपाळाला त्याचं कपाळ लागलं तेव्हा मला ओरडून बाजूला व्हावंसं वाटलं.

तो गेल्यावर वहिनी देवाचा डबा आणायला आत गेल्या. अण्णा गाडीची डिकी लावत होते. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"अण्णा," मी म्हणाले, "ती अक्षत माझी होती. मूठभर मी टाकली होती. आणि रायफल देऊन टाका असंही मीच म्हणाले होते."

त्यांनी डिकी बंद झाली का ते हाताने दाबून पाहिलं. "माहीत आहे गं," ते म्हणाले.

"मग तुम्ही त्या दिवशी विरेमूला का नाही सांगितलंत?"

"माझी चूक मी सांगितली. न तपासता दिली ती मी." मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुझी तू सांगशील म्हणून थांबलो होतो. आत्तासुद्धा तो इथे होता ना, तोपर्यंत थांबलो होतो."

वहिनी डबा घेऊन बाहेर आल्या. अण्णांनी त्यांच्यासाठी दार उघडलं, त्यांचा पट्टा लावून दिला, मग स्वतः बसले आणि गाडी मागे घेतली. विरेमूचा यूट अजून कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबलेला मला दिसत होता.